सुमनची तिसरी पायरी

जिन्यात ठाण मांडून बसणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, बाई पहिल्यापासूनच मऊ होती. तीस वर्षं मी वाईच्या टपाल कचेरीत खिडकीमागे काढली. कचेरीला पाच दगडी पायऱ्या. त्यांवर कुणी टेकलेलं दिसलं की मी आतूनच ओरडायचे, "ओ, घाट तिकडं नदीवर आहे! हा जिना आहे!" आमच्याकडं बसायच्या पायऱ्या वेगळ्या आणि चढायच्या वेगळ्या. घाटावर बसावं, पाण्याकडं बघावं, वाटलं तर दोन शेंगदाणे खावेत. जिना मात्र मोकळा पाहिजे.

अशी मी बाई गेल्या हिवाळ्यात विरारला गेले आणि तीन सकाळी पुलाच्या जिन्यात टोपली घेऊन बसले. त्या तीन सकाळींत माझ्या हातून जे झालं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

बुधवार, बोळिंज

सुमन माझी धाकटी नणंद. पस्तीस वर्षांपूर्वी वाईहून बोळिंजच्या एका बागायतदाराच्या घरात लग्न होऊन आली. नवरा जाऊन आठ वर्षं झाली. एकुलता एक मुलगा निनाद, तो बायकोबरोबर नायगावला नव्या टॉवरमध्ये राहतो. सुमन मात्र एकटी वाडीत. वाडी म्हणजे केळी, नारळ, पानवेली, तगरीची आणि जास्वंदीची झाडं, आणि मधोमध बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, आत उतरायला पायऱ्या असलेलं. आता चारी बाजूंनी उंच इमारती उभ्या राहिल्यात. सुमन झाडांना पाणी घालते आणि शंभर खिडक्या तिच्याकडं बघत असतात.

त्या रविवारी बावखलाच्या पायरीवर शेवाळावरून तिचा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. आमच्या ह्यांना दम्यामुळं प्रवास झेपत नाही, म्हणून मी एकटी निघाले. बुधवारी संध्याकाळी पोचले तेव्हा सुमन खाटेवर पाय उंच करून बसली होती आणि माझ्याकडं न बघता दाराकडं बघत होती.

शेजारणीनं वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकरी आणून दिल्या होत्या. आमच्या ज्वारीच्या भाकरीला दात लागतो, ही तोंडात विरघळते. मी दोन खाल्ल्या, तिसरीला हात घातला. सुमननं घासही घेतला नाही.

"दुखतंय का गं फार?"

"पायाचं जाऊ दे गो वहिनी. उद्या चौथा दिवस."

आधी मला वाटलं, डॉक्टरनं काही सांगितलंय. मग तिनं समजावलं, आणि माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली.

विरारच्या पश्चिमेला, रूळ ओलांडायच्या पुलाचा एक जिना आहे. त्याच्या कडेनं सकाळी आठ-दहा बायका माल घेऊन बसतात. खालून तिसरी पायरी सुमनची. त्याआधी तिच्या सासूची होती. कागद नाही, पावती नाही, पण कुणाची कुठली पायरी ते सगळ्यांना ठाऊक. एखादी आली नाही, तर शेजारीण तिच्या पायरीवर चुंबळ ठेवते. डोक्यावर टोपली घेताना खाली जी कापडाची वळी घेतात ना, ती चुंबळ. ती असेपर्यंत पायरी राखलेली. पण तीनच सकाळी. चौथ्या सकाळी घरचं माणूस येऊन बसलं नाही, तर पायरी सुटली. मग खाली जमिनीवर बसणाऱ्या बायकांपैकी जिचा नंबर असेल ती वर चढते.

"आणि घरचं माणूस आलं तर?"

"सलग तीन सकाळी बसून दाखवायचं. ऊन जिन्याच्या तळाला टेकेपर्यंत. तीन सकाळी झाल्या की आजारपण मानतात. मग दोन महिने कुणी हात लावत नाही."

"मग ऋचाला सांग ना." ऋचा म्हणजे निनादची बायको.

"ती सहाच्या आत घर सोडते. आणि तिला सांगितलं की निनादला कळलं. तो तर वाटच बघतोय. म्हणेल, बरं झालं, सुटलीस, चल आता नायगावला." तिनं डोळे पुसले. "पायरी गेली तर केळी विकू कुठं? विकायची नाहीत तर वाडी राखू कशाला? मग काय, चौदाव्या मजल्यावर खिडकीशी बसायचं. मरेपर्यंत."

सुमन रडणाऱ्यातली नाही. माझ्या लग्नात ती बारा वर्षांची होती, विंचू चावला तरी रडली नव्हती. मला ते बघवेना.

"मी बसते," मी म्हणाले. बोलून गेले आणि मग तो जिना आठवला.

गुरुवार, पुलाचा जिना

पहाटे पाचला रिक्षावाला दाराशी. दोन टोपल्या: एकीत केळी आणि केळफुलं, दुसरीत विड्याची पानं आणि पूजेची फुलं. वर पैसे घ्यायचं ते चौकोनी छापील कार्ड, आणि रिक्षातून उतरल्यावर डोक्यावर घ्यायला सुमनची जास्तीची चुंबळ, जुन्या निळ्या लुगड्याची.

जिना मी समजत होते त्यापेक्षा रुंद निघाला. डावीकडं कठड्याला धरून बायका आणि उजवीकडून माणसं. तिसऱ्या पायरीवर एक चुंबळ ठेवलेली होती. मी ती उचलून टोपली टेकवणार, इतक्यात सगळ्यांत वरच्या पायरीवरून आवाज आला.

"कोन गो तू?"

ती काशीबाय. खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातली, सत्तरीची, समोर वालाच्या शेंगांचा ढीग. जिन्यात तिचा शब्द शेवटचा, हे सुमननं बजावलं होतं.

"मी सुमनची वहिनी. वाईहून आले."

"वहिनी म्हंजे म्हायेरची. पायरी सासरची हाय."

खालून, जमिनीवरून, दुसरी बोलली. "बरोबर आहे काशीबाय. आणि आज चौथा दिवस." पस्तिशीची बाई, गळ्यात बारीक क्रूस, समोर शेवग्याच्या शेंगा. ती फ्लोरी. पहिला नंबर तिचाच, हे मला तिच्या बसण्यावरूनच कळलं. ती अर्धी उठलेलीच होती.

माझं डोकं तापलं. "अहो, मोडलेल्या पायाची बाई घरी पडलीय आणि तुम्ही माहेर-सासर काय घेऊन बसलाय?"

काशीबायवर काही परिणाम झाला नाही. तिनं शांतपणे विचारलं, "राती कुठं जेवलीस?"

"सुमनच्या घरी."

"टोपली कुनी भरली?"

"मीच. तिच्या पडवीत."

काशीबायनं थोडा वेळ शेंगा निवडल्या. "ज्या चुलीवर जेवली, त्या घरची. बस."

फ्लोरी खाली बसली. मला तिचं तोंड बघवेना, म्हणून मी केळी मांडायला लागले.

जिन्यात बसायची एक तऱ्हा असते, ती मला येत नव्हती. कठड्याला पाठ लावायची, पाय पोटाशी घ्यायचे, टोपली गुडघ्याला चिकटवायची, अर्धी पायरी लोकांना सोडायची. मी आपली पंगतीला बसल्यासारखी ऐसपैस. पहिल्या पाच मिनिटांत एक साहेब ओरडले, "ओ काकू, जिना आहे हा! घर आहे का तुमचं?" नाकाला मिरच्या झोंबल्या, पण उत्तर काय देणार? शब्दन् शब्द माझाच होता.

सात वाजता एक मनुष्य थबकला. हातात घराची किल्ली. "सुमनताई कुठायत?"

मी सांगितलं. तो किल्ली हातात धरून उभाच. त्याचं असं, की नवराबायको दोघं नोकरीला, पाळ्या उलटसुलट. तो जाताना किल्ली सुमनकडं ठेवतो, तासाभरानं बायको रात्रपाळीहून येते आणि घेऊन जाते. चार वर्षं असं चाललंय. आता माझ्यासारख्या अनोळखी बाईच्या हाती घर कसं द्यायचं, हा त्याला प्रश्न पडला.

"द्या हो," मधल्या पायरीवरची फुलवाली म्हणाली. "वाईवाली आहे. सुमनच्या घरची." त्यानं किल्ली दिली. मी ती पदराच्या टोकाला बांधली आणि त्याची बायको येईपर्यंत दर दोन मिनिटांनी गाठ चाचपत राहिले.

मला तो जिना कळायला लागला तो असा. एक नर्स रोज चौथ्या पायरीवर दोन मिनिटं टेकते, एक केळ खाते आणि पुढं जाते. कॉलेजातल्या दोन मुली एकमेकींची वाट बघतात ती फुलवालीपाशीच, कारण एकीच्या घरी दुसरी चालत नाही. एक निवृत्त गृहस्थ काही विकत घेत नाहीत, वर चढतात, काशीबायला "आज काय म्हणते खाडी?" असं विचारतात आणि खाली उतरतात. आमच्या घाटावर माणसं कामं उरकून येतात, म्हणून निवांत बोलतात. इथं एक पाय उचललेला असतानाच बोलणं चालतं, आणि तरी कुणाची सून बाळंत झाली, कुणाची नोकरी गेली, सगळं पोचतं.

साडेनऊच्या सुमारास समोरच्या इमारतीमागून ऊन वरच्या पायरीवर आलं आणि हळूहळू एकेक पायरी उतरायला लागलं. ते तळाला टेकलं तेव्हा काशीबायनं एक बोट वर केलं. एक सकाळ झाली.

शुक्रवार, सकाळी जिना, दुपारी नायगाव

दुसऱ्या सकाळी मी पाय आत घेऊन बसले. कुणी ओरडलं नाही. मनात म्हटलं, जमलं की गं बाई तुला! आणि तेवढ्यात पुलावर शिट्टी वाजली.

शिट्टी म्हणजे जिना मोकळा करायला माणसं आली. माल उचलून नेतात. त्यांचंही काही चुकत नव्हतं. तेच तर मी तीस वर्षं ओरडत होते. पण त्या क्षणी माझ्या तोंडचं पाणी पळालं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळ्या बायका टोपल्यांसकट नाहीशा झाल्या. काशीबाय, सत्तरीची, मुलीसारखी उड्या मारत उतरली. आणि मी? पानं गोळा करतेय! एकेक पान!

"सोडा ती पानं!" कुणीतरी माझी केळ्यांची टोपली उचलली, दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं आणि मला जिन्याखालच्या बोळात ओढलं. फ्लोरी होती. तिच्या स्वतःच्या शेंगा तिथंच राहिल्या होत्या. त्या गेल्या.

बोळात आम्ही दोघी धापा टाकत उभ्या. मी म्हणाले, "अगं, तुझा माल गेला की."

"शेंगा आहेत. उद्या परत येतील." ती पदरानं मान पुसत होती. "सुमनताईंची केळी गेली असती तर म्हणाल्या असत्या, फ्लोरी मुद्दाम बघत राहिली."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. कालपासून मी हिला मनातल्या मनात गिधाड म्हणत होते.

पाव तासानं सगळ्या पुन्हा आपापल्या जागी. ऊन टेकलं. काशीबायनं दोन बोटं दाखवली.

दुपारी निनाद गाडी घेऊन आला. सकाळी मी कुठं होते ते मी सांगितलं नाही. सुमननं डोळ्यांनीच दटावलं होतं. "मामी, तुम्ही तरी आईला समजवा. आमचं घर बघा, मग सांगा."

घर बघितलं. खोटं कशाला बोलू, छान आहे. आईसाठी वेगळी खोली ठेवलीय, खोलीत देवाचा कोनाडा, न्हाणीघरात धरायला दांडा. खिडकीतून खाडी आणि मिठागरं दिसतात. पोरगा वाईट नाही. आई एकटी बावखलावर पडली आणि तासभर कुणाला कळलं नाही, हे सांगताना तो अडखळला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

निघताना लिफ्टला वेळ लागत होता, म्हणून मी जिन्याचं जड दार ढकललं. आत रंगाचे रिकामे डबे, एक लहान सायकल, आणि वर-खाली कुठं चिटपाखरू नाही. मी दोन मजले उतरले. चपलांचा आवाज तेवढा घुमत होता. मग मलाच कसंतरी झालं आणि मी परत लिफ्टशी आले.

रात्री सुमननं विचारलं, "खोली बघितलीस?"

"चांगली आहे गं."

"चांगलीच आहे. म्हणून तर भीती वाटते."

मग ती म्हणाली, "एकच सकाळ राहिली." आणि पहिल्यांदा पोटभर जेवली.

शनिवार, पुलाचा जिना

रात्रभर मला झोप नव्हती. चार वाजताच उठून टोपल्या भरल्या. सुमननं खाटेवरून सतरा सूचना दिल्या: फुलांवर पाणी मार, केळफुलं वर ठेव, काशीबायशी वाद घालू नकोस, शिट्टी झाली तर पानं सोड. सगळं ऐकलं.

जिन्यात गर्दी होती, गिऱ्हाईक चांगलं होतं. किल्लीवाल्यानं न विचारता किल्ली दिली. नर्सनं माझं नाव विचारलं. मला वाटलं, ही बातमी ह्यांना फोनवर कशी सांगू! ऊन वरच्या पायरीवर आलं. मग पुढच्या. मी पोरीसारखी पायऱ्या मोजत होते. सात राहिल्या. सहा.

पाच राहिल्या होत्या तेव्हा खाली फ्लोरीची लगबग सुरू झाली. पूर्वेला एका लग्नघरी शेवग्याची मोठी टोपली पोचवायची होती. तिची चुंबळ कुणाचा तरी पाय लागून गटारात गेली होती. तिनं इकडंतिकडं बघितलं, मग तशीच उघड्या डोक्यावर टोपली घेतली. बांबूच्या कामट्या डोक्याला टोचत असणार. तिनं दात दाबून डोळे मिटले, आणि पहिली पायरी चढली.

माझ्या मांडीशी सुमनची निळी चुंबळ पडलेली होती. काल हिनं माझ्यासाठी स्वतःचा माल सोडला होता. मी उठले, चुंबळ उचलली आणि तिच्यापुढं धरली. "अगं घे! डोकं फुटेल."

तिनं घेतली. टोपली कठड्यावर टेकवून चुंबळ हातात घेतली, आणि तशीच उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

जिना गप्प झाला. म्हणजे माणसं चढत-उतरत होतीच, पण कडेच्या बायकांपैकी एकीचाही आवाज येईना. फुलवालीनं तोंडावर हात ठेवला.

"काय केलास गो, वाईवाली?" काशीबाय म्हणाली. रागानं नव्हे. त्यानंच मी जास्त घाबरले.

"काय केलं? चुंबळ दिली. तिची गटारात पडली म्हणून दिली!"

"पायरीवरून उठलीस. सगल्यांदेखत चुंबळ हातात दिलीस. पायरी दिलीस तिला."

पायरी सोडायची असेल, तर ती अशीच सोडतात. म्हातारी सुनेला देते ती अशीच. सुमनच्या सासूनं सुमनला दिली तीही अशीच, ह्याच पायरीवर उभी राहून. म्हणून जिन्यात कुणी कुणाला चुंबळ उसनी देत नाही. डोकं फुटलं तरी मागत नाही. हे मला त्या दिवशी, त्या पायरीवर उभं राहून कळलं.

मी भांडले. किती भांडले! मला माहीत नव्हतं, मी परगावची, हा कुठला कायदा, दिलेली वस्तू परत घेता येते. काशीबाय ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "परवा तू घरची झालीस. आज परगावची कशी?"

मी फ्लोरीकडं वळले. "तू तरी सांग बाई. तुला ठाऊक आहे मी कशासाठी दिली."

फ्लोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मॅडम, मी मागितली नव्हती," ती म्हणाली.

"मग परत दे."

ती बराच वेळ चुंबळीकडं बघत राहिली. दोन वर्षं खाली जमिनीवर. पावसात चिखल, उन्हात धूळ, शिट्टी झाली की सगळ्यांत आधी तिचाच माल जाणार. मला ते सगळं दिसत होतं, तरी मी हात पुढं करून उभी होते.

तिनं चुंबळ दिली नाही. ती हळूच तिसऱ्या पायरीवर बसली आणि खाली राहिलेली आपली विक्रीच्या शेंगांची टोपली गुडघ्याशी ओढून घेतली. लग्नघरची टोपली दुसरीच कुणीतरी घेऊन गेली. ऊन तेव्हा चार पायऱ्या वर होतं.

घरी मी सुमनसमोर उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. मध्ये थांबले असते तर सांगता आलं नसतं. सांगून झाल्यावर खाली बसले आणि ढसाढसा रडले. एकसष्ट वर्षांची बाई.

सुमन केळीच्या पानांकडं बघत होती.

"सतरा गोष्टी सांगितल्यास," मी म्हणाले, "ही एक का नाही सांगितलीस?"

"सुचलंच नाही गो. मंगळसूत्र कुणाला उसनं देऊ नकोस, असं सांगतो का आपण कुणाला?"

मी म्हणाले, मी परत जाते, काशीबायच्या पाया पडते, निनादला घेऊन जाते, फ्लोरीला चार समजुतीच्या गोष्टी सांगते. सुमननं मान हलवली.

"फ्लोरीला काय सांगशील? तिची आई पाचव्या पायरीवर बसायची. दोन वर्षांपूर्वी वारली. घरी मयत, चर्चमधलं सगळं, पोरीला यायला पाचवा दिवस लागला. चौथ्या सकाळी चुंबळ कुणी उचलली ठाऊक आहे? मी. काशीबाय म्हणत होती, एक दिवस थांबू. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम." तिनं पायावरची चादर सारखी केली. "तिला खाली मीच बसवलं."

त्यानंतर तिनं माझ्याकडं प्यायला पाणी मागितलं. मी दिलं. संध्याकाळी निनादचा फोन आला तेव्हा तिनं त्याला स्वतःच सगळं सांगितलं. त्याचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता: आता तरी चल, आई, आता काय राहिलंय? सुमन "बघते" म्हणाली आणि फोन ठेवला. मी समजले, संपलं. रात्री तिच्या कपाटातल्या साड्या घडी घालताना मला वाटलं, आवराआवरीला सुरुवात मीच करून द्यावी. तिनं बघितलं.

रविवार

माझी निघायची गाडी सकाळचीच होती. पहाटे जाग आली ती खुडबुडीनं. सुमन पडवीत, एका पायावर, भिंतीला धरून टोपली भरत होती.

"अगं काय चाललंय?"

"रिक्षा सांगितलीय. तुलाही सोडायचंच आहे."

"सुमे, पायरी गेली. मी घालवली."

"पायरी गेली. जमीन आहे ना?" तिनं केळ्यांची फणी माझ्या हातात दिली. "नीट ठेव. डाग पडतो."

मी भांडले नाही. माझ्यात भांडणच उरलं नव्हतं.

रिक्षा जिन्याशी थांबली. मी तिला बगलेत धरून उतरवलं. वरून सगळ्या बघत होत्या. तिसऱ्या पायरीवर फ्लोरी बसली होती, पायांशी निळी चुंबळ. सुमननं वर बघितलं नाही. जमिनीवर बसलेल्या बायकांच्या रांगेत अगदी टोकाला, जिथं रिक्षांचा धूर येतो, तिथं तिनं गोणपाट टाकायला सांगितलं. मी टाकलं. प्लास्टरचा पाय पुढं लांब करून ती खाली बसली. बसताना तिच्या तोंडून एक बारीक "आई गं" निघालं, तेवढंच.

फ्लोरी उठली. मला वाटलं, आता देणार. माझा जीव डोळ्यांत आला. ती तीन पायऱ्या उतरली, आपली रिकामी टोपली पालथी केली आणि सुमनचा पाय दोन्ही हातांनी अलगद उचलून त्यावर ठेवला. मग परत वर जाऊन तिसऱ्या पायरीवर बसली.

सुमननं केळी मांडली. पानांवर पाणी मारलं. मग मान न वळवता म्हणाली, "फ्लोरे, पावसात वरचा पत्रा गळतो. थेट तिसरीवरच धार पडते. कठड्याच्या बाजूला सरकून बसायचं."

"हो, सुमनताई." ती कठड्याकडं सरकली. "तुम्ही परत वर कधी येणार?"

"नंबर लागेल तेव्हा," सुमन म्हणाली.

मी उभी राहून खालच्या बायका मोजल्या. सुमनच्या आधी सहाजणी होत्या, आणि फ्लोरीला एका पायरीसाठी दोन वर्षं लागली होती. त्यांतली सगळ्यांत मोठी फार तर चाळिशीची असेल.